ऑर्लोकला समोरचं घर हवंय

शनिवार, रात्री

आपल्याकडची भुतं जागा सोडत नाहीत. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, वेताळ त्याच्या माळावर. तिन्हीसांजेला त्या वाटेने जाऊ नको, एवढं आजीचं ऐकलं की भागायचं. चकवासुद्धा लागायचा तो ठरलेल्या वळणावरच. भीती वाटायची, नाही असं नाही, पण त्या भीतीला शीव होती. शिवेच्या आत आलं, घरातला दिवा दिसला की जीव भांड्यात.

आज 'नोस्फेरातु' पुन्हा पाहिला. दिग्दर्शक मुर्नाऊचा, 1922 चा जर्मन मूकपट. त्यातला रक्त पिणारा व्हॅम्पायर, काउंट ऑर्लोक, त्याला शीव वगैरे काही माहीत नाही. त्याला तुमच्या घरासमोरचं घर विकत हवंय, तेही रीतसर, दलालामार्फत, कागदपत्रं करून!

गोष्ट 1838 सालच्या विस्बोर्ग नावाच्या काल्पनिक बंदरगावातली. तिथला घरांचा दलाल नॉक हा आपल्या हाताखालच्या हुटरला डोंगरातल्या एका उमरावाकडे पाठवतो. उमरावाला गावात घर घ्यायचंय, तुझ्या घरासमोरचं ते ओसाड घर दाखव त्याला, म्हणतो. हुटर खूश, चार पैसे सुटतील. बायकोचा निरोप घेऊन उड्या मारत निघतो. पुढे किल्ल्यात कागदपत्रं पसरलेली असताना त्याच्या हातून बायकोचं छोटं चित्र खाली पडतं. ऑर्लोक ते उचलतो, डोळ्यांजवळ नेतो, तिच्या गळ्याचं कौतुक करतो आणि लगेच घर पक्कं करतो.

या प्रसंगात रक्ताचा थेंब नाही, पण सगळ्या सिनेमात मला सगळ्यात जास्त कापरं भरतं ते इथे. पुढे जे व्हायचं ते या सहीत झालेलं आहे. आणि सही करून घेणारा हुटरच आहे.

रविवार

भाचा आला होता. कॉलेजात गेल्यापासून त्याला भयपटांचं वेड लागलंय, पण त्याचे भयपट म्हणजे काळोखातून एकदम काहीतरी अंगावर येणार आणि कानठळ्या बसणार. मी म्हटलं, बस, दीड तासाचा आहे, शंभर वर्षांपूर्वीचा. पहिली पंधरा मिनिटं तो मोबाइलमध्ये. मग हुटर खिडकीतून खाली बघतो तो प्रसंग आला. ऑर्लोक एकटाच गाडीवर शवपेट्या रचतोय. फिल्म पळवलेली, त्यामुळे तो मुंगीसारखा लगबग करतो. मग सगळ्यात वरच्या पेटीत स्वतः आडवा होतो आणि झाकण आपोआप सरकून वर बसतं. भाचा खो खो हसला. "मावशी, हा स्वतःच पॅकर्स अँड मूव्हर्स आहे गं!"

हसू मलाही आलं. येतंच. या सिनेमात हसण्यासारखं बरंच आहे. भुताची घोडागाडी टुकूटुकू धावते, लांडगा म्हणून चक्क तरस आणून उभा केलाय. तरी मी त्याला थोडं मागे नेलं आणि किल्ल्यातली रात्र पुन्हा दाखवली, कारण तेव्हा तो मोबाइलमध्ये होता.

हुटर दार किलकिलं करून बघतो. लांब, दालनाच्या त्या टोकाला, ऑर्लोक उभा आहे. नुसता उभा. टक्कल, टोकदार कान, पुढचे दोन दात उंदरासारखे, हात अंगाला चिकटलेले. हुटर दार लावतो, पण दाराला कडीच नाही. खिडकीतून बघतो तर खाली खोल दरी. मग हा धडधाकट तरणाबांड बाप्या काय करतो, तर पलंगावर पडून पांघरूण डोक्यावर ओढून घेतो. दार आपोआप उघडतं. कमानीचं ते अरुंद तोंड आणि त्यात बरोब्बर बसेल असा ऑर्लोक, जणू त्याच्या मापानेच दार घडवलंय. तो पुढे येतो. घाई नाही. त्याला माहीत आहे की हुटर कुठे जाणार नाही.

भाचा गप्प. थोड्या वेळाने म्हणाला, "पांघरुणाचं मात्र खरं आहे."

तो गेल्यावर हिशेब करत बसले. ऑर्लोकचं काम करणारा माक्स श्रेक पडद्यावर एकूण असतो किती वेळ? जेमतेम दहा मिनिटं भरतील. बाकी वेळ त्याची वाट बघण्यात जातो. आजच्या एखाद्या निर्मात्याला हे सांगून बघा, भूत दहा मिनिटं आणि उरलेला वेळ गाव!

सोमवार

ऑफिसात दिवसभर जहाज डोक्यात.

ऑर्लोक विस्बोर्गला जहाजातून येतो. मातीने भरलेल्या पेट्यांचा माल, त्यातल्या एकीत तो. खलाशी पेटी फोडतात तर आतून उंदीर. एकेक खलाशी आजारी पडतो, मरतो, पाण्यात टाकला जातो. एकदा ऑर्लोक पेटीतून उठतो तो सरळ फळीसारखा, गुडघ्यात न वाकता. हे दृश्य सिनेमाची पुस्तकं न वाचणाऱ्यांनीही कुठेतरी पाहिलेलं असतं. शेवटी कप्तान स्वतःला सुकाणूला बांधून घेतो. आणि मग ते जहाज कुणी हाकत नसताना शांतपणे बंदरात शिरतं. धक्क्यावर दुसऱ्या दिवशी माणसं गोळा होतात, नोंदवही उघडतात, वाचतात, आणि "प्लेग! घरात जा!" म्हणून पळ सुटते.

यापुढचं गावातलं चित्रण मला परकं वाटतच नाही. दवंडीवाला ढोल वाजवून हुकूम वाचतो, खिडक्या लागतात, एक माणूस दारांवर खडूने फुल्या मारत जातो. भर उन्हात अरुंद गल्लीतून एकामागून एक शवपेट्या निघालेल्या.

हा सिनेमा ज्या कादंबरीवरून काढला, ती ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' 1897 ची. त्याच्या आदल्या वर्षी, 1896 च्या सप्टेंबरात, मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगास या गोव्याकडच्या डॉक्टरांनी गाठीच्या तापाचा रोगी पाहून हा प्लेग आहे म्हणून सांगितलं. मांडवी म्हणजे बंदराला लागून, गोदामं, धान्य, उंदीर. रोग हाँगकाँगच्या बाजूने जहाजांतून आला असं मानतात. 1897 मध्ये तो पुण्यात होता. घराघरात शिरणारे गोरे सोल्जर, जबरदस्तीने छावणीत हलवलेली माणसं, आणि 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर झाडलेली गोळी, हे आपण शाळेत शिकलो. गाव उठून माळावर झोपड्यांत राहायला गेलं होतं, या आठवणी कितीतरी घरांत अजून सांगतात. 1918 चा इन्फ्लुएंझाही मुंबईत बंदरावाटेच उतरला.

मुर्नाऊच्या प्रेक्षकाने तर तो इन्फ्लुएंझा आणि महायुद्ध दोन्ही नुकतंच पचवलं होतं. त्याला प्रतीक समजावून सांगायची गरज नव्हती. कादंबरीत प्लेग नाही, बरं का. तिथला काउंट निवडून निवडून माणसं गाठतो. साथ घेऊन येणारे उंदीर, ओस पडणारं गाव ही सगळी भर सिनेमाची: पटकथाकार हेन्रिक गालेन, आणि वेशभूषेपासून देखाव्यापर्यंत सगळं ज्याच्या डोक्यातून आलं तो आल्बिन ग्राऊ. माझ्या मते सिनेमा टिकला तो या भरीमुळे. नंतरचे पडद्यावरचे व्हॅम्पायर देखणे होत गेले, कोट घालून नाचायला लागले, प्रेमात पडायला लागले. ऑर्लोकच्या प्रेमात कोण पडेल? तो माणसाळतच नाही. त्याला साथीच्या रोगाइतपतच मन आहे.

एक गोष्ट मात्र खटकते, ती लिहून ठेवते. पूर्वेकडून आलेला, वाकड्या नाकाचा, उंदीर घेऊन गावात घुसणारा परका: पुढच्या वीस वर्षांत जर्मनीत ज्यूंची चित्रं नेमकी अशीच रंगवली गेली. गालेन स्वतः ज्यू होता, नॉकचं काम करणारा ग्रानाखही. त्यांच्या मनात तसं असेल असं मला वाटत नाही. पण चित्र एकदा तयार झालं की ते कुणाच्या हातात पडेल हे करणाऱ्याच्या हातात राहत नाही. आणि साथीच्या काळात "ते बाहेरचे घेऊन आले" हे आपणही ऐकलंय, फार जुनी गोष्ट नाही.

बुधवार

या सिनेमाची कोर्टकचेरी सिनेमाइतकीच रंगतदार. काढणारी कंपनी बर्लिनची, तिचं नाव प्राण-फिल्म. हो, आपलाच प्राण. ग्राऊला गूढविद्येचा नाद होता. या कंपनीने हा एकच सिनेमा काढला आणि बुडाली. कादंबरीचे हक्क घेतलेच नव्हते. ड्रॅक्युलाचा ऑर्लोक केला, लंडनचं विस्बोर्ग केलं, आणि एवढी लपवाछपवी करून पहिल्याच पाटीवर लिहिलं, ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'वरून! चोराने घरफोडी करून दारावर आपलं नाव-पत्ता लिहून जावं तसलं हे. 4 मार्च 1922 ला बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या दिवाणखान्यात थाटात पहिला खेळ झाला. बातमी स्टोकरच्या विधवेला, फ्लॉरेन्सबाईंना लागली. बाईंनी पिच्छा सोडला नाही. पैसे मिळेनात तेव्हा 1925 मध्ये निकाल मिळवला: सगळ्या प्रती नष्ट करा.

मला राग येत नाही त्यांचा. नवरा 1912 मध्ये गेलेला, मागे ठेवलेल्यातलं कमाई देणारं म्हणाल तर ते एक पुस्तक.

तरी प्रती उरल्या, कारण तोवर त्या परदेशांत गेल्या होत्या. फ्रान्समध्ये सापडलेल्या एका रंगवलेल्या प्रतीवरून पुढे नीट जुळणी झाली. 'मेला नाही तो सिनेमा' असं वाक्य इथे प्रत्येक जण लिहितो. मी आपली आपल्या मूकपटांचा विचार करत बसले. जाळून टाका असा हुकूम असलेला सिनेमा आज मी घरात बसून बघते, आणि बाबूराव पेंटरांचा 1925 चा 'सावकारी पाश', ज्याच्यावर कुणाचा दावा नव्हता, कुणाचा राग नव्हता, तो बघायला मिळत नाही. आपले शेकडो मूकपट असेच गेले. नायट्रेटच्या फिती उष्म्याने सडल्या, पेटल्या, काही त्यातल्या चांदीसाठी रद्दीत गेल्या. हुकूम काढावा लागलाच नाही.

रंगवलेली प्रत म्हटलं, ते जरा सविस्तर. आपण याला कृष्णधवल म्हणतो, पण तेव्हा फितीवर दृश्यानुसार रंग चढवत. रात्र निळी, दिव्याचा उजेड पिवळा, पहाट गुलाबी. त्या काळच्या फिल्मवर खरी रात्र टिपणं जमत नसे, म्हणून बाहेरचे रात्रीचे प्रसंग दिवसाढवळ्या घेतले. कितीतरी वर्षं लोकांनी जी प्रत पाहिली ती रंग नसलेली. त्यात ऑर्लोक काखेत शवपेटी मारून लख्ख उन्हात गावातून चालत जातो! उन्हाने जो मरणार, तोच उन्हात. भाच्याला निळी प्रत दाखवली तेव्हा पेटीवाला प्रसंग एकदम सुधारला. मला मात्र, खरं सांगायचं तर, ती करडी, उन्हातली प्रतच आवडते. पहिल्यांदा तीच पाहिली म्हणून असेल.

खऱ्या जागाही त्यातल्याच. त्या वेळी जर्मन भयपट म्हणजे रंगवलेले पडदे, तिरक्या भिंती. मुर्नाऊ आणि त्याचा कॅमेरामन फ्रित्स आर्नो वाग्नर बाहेर पडले. जर्मनीतलं विस्मारचं बंदर, तिथल्याच ल्युबेकची मिठाची जुनी गोदामं (तेच ते 'समोरचं घर'), स्लोवाकियातला ओरावाचा किल्ला. समुद्र खरा, वारा खरा, त्यामुळे त्यात उभा असलेला तो एक खोटा माणूस खरा वाटू लागतो.

शुक्रवार

हुटरच्या बायकोवर, एलेनवर, लिहायचं राहिलं होतं, ते आज लिहिते.

सुरुवातीलाच ती खिडकीत मांजराशी खेळत असते. हुटर बागेतून फुलं तोडून आणतो. ती म्हणते, का मारलीस ही? तो हसतो. हा पूर्ण सिनेमाभर हसत असतो. खानावळीत व्हॅम्पायरचं पुस्तक सापडतं तेव्हा हसून फेकतो. घरी परत येतो तेव्हा ते पुस्तक बरोबर असतं आणि बायकोला बजावतो, याला हात लावू नकोस. ती लावते. त्यात लिहिलेलं असतं की एखाद्या शुद्ध मनाच्या स्त्रीने आपखुशीने रक्त देऊन व्हॅम्पायरला कोंबडा आरवेपर्यंत गुंतवून ठेवलं तरच तो संपेल.

समोरच्या घराच्या खिडकीत ऑर्लोक उभा असतो, गजांना धरून. ती आपली खिडकी उघडते. मग ती प्रसिद्ध सावली: जिना चढणारी, लांब नखांची, दाराकडे हात पसरणारी. हाताची सावली तिच्या छातीवरून सरकते आणि हृदयापाशी मूठ मिटते. स्पर्श नाहीच, नुसती सावली, तरी ती कळवळते.

सावित्रीने यमाला बोलण्यात गुंतवलं आणि नवरा परत मिळवला, स्वतःही राहिली. एलेनच्या वाट्याला असा वर नाही. तिला हे करायला कुणी सांगितलेलंही नाही. ऐकलं असतं तर पुस्तक उघडलंच नसतं. ग्रेटा श्रोडरचा अभिनय जुन्या वळणाचा आहे, हात कपाळाशी, डोळे मोठे. पण खिडकी उघडतानाचा तिचा चेहरा मी थांबवून पाहिला. तिथे ती अभिनय करत नाही.

कादंबरीत प्रोफेसर आणि चार मर्द मिळून काउंटला चाकूंनी मारतात, आणि उन्हाने काही तो मरतबिरत नाही, दिवसा हिंडू शकतो. पहाटेच्या किरणाने व्हॅम्पायर विरघळतो ही आता जगाला पाठ असलेली गोष्ट या सिनेमापासूनची. पुढच्या किती चित्रपटांनी ऊन उचललं! एलेन मात्र फारशी कुणी उचलली नाही. त्यांनी पुन्हा प्रोफेसरच आणला, हातात खुंटी आणि हातोडा देऊन. इथला प्रोफेसर बुल्वर मुलांना कीटक खाणारी वनस्पती दाखवतो, सूक्ष्मदर्शकातला भुतासारखा पारदर्शक जीव दाखवतो, सगळं त्याला ठाऊक. त्या रात्री एलेन नवऱ्याला त्यालाच बोलवायला पाठवते, म्हणजे हुटर घराबाहेर जाईल. दोघे धावत येतात तेव्हा कोंबडा आरवून गेलेला असतो.