सुरमई थाळी आणि एकतिसावा क्रमांक

मी मुंबईतील एका इंग्रजी मासिकात मजकूर तपासण्याचे काम करते. शहरातील पन्नास सर्वोत्तम रेस्टॉरंटांची क्रमवार यादी देणारा आमचा वार्षिक अंक सर्वाधिक शिव्या खातो आणि सर्वाधिक खपतोही. ती यादी एकच समीक्षक बाई करतात. त्या वर्षभर जेवतात, टिपणे काढतात आणि पावसाळा सरता सरता पन्नास नोंदी क्रमांकासह आमच्याकडे पाठवतात. गेल्या वर्षी हा अंक छपाईला जाण्याच्या आदल्या दिवशी एकतिसाव्या क्रमांकावरून जो वाद झाला, त्यात नेमके कोण बरोबर होते हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तपासणी म्हणजे शुद्धलेखन, अशी बाहेरच्यांची समजूत असते. प्रत्यक्षात माझा बराचसा वेळ फोनवर जातो. रेस्टॉरंटला फोन सकाळी अकराला किंवा दुपारी चारनंतर करावा लागतो, कारण साडेबारा ते तीन या वेळात गल्ल्यावरचा माणूस ‘पार्सल काय?’ एवढेच विचारतो आणि तसे काही नसेल तर फोन ठेवून देतो. साप्ताहिक सुट्टी, पत्ता, दर आणि स्थापनेचे साल हे सारे मला त्याच्याकडूनच काढून घ्यायचे असते. जुन्या प्रसिद्ध ठिकाणांची साले सोपी असतात : धोबी तलावचे क्यानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ चे, माटुंग्याचे कॅफे मद्रास १९४० चे आणि त्याच परिसरातील रामा नायकांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. गिरणगावातून आलेल्या खाणावळींना मात्र असे साल नसते. घरातल्या बाईने गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालायला सुरुवात केली, तो दिवस कोणी लिहून ठेवलेला नाही. अशा खाणावळवाल्या बायकांची संघटना, म्हणजे प्रेमा पुरव यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ, १९७५ साली उभी राहिली तेव्हा त्यांतील कित्येक चुली फार आधीपासून पेटत होत्या. तिसऱ्या पिढीच्या मालकाला साल विचारले की तो ‘आजीपासून’ असे सांगतो आणि आमच्या ठरलेल्या चौकटीत ‘आजीपासून’ बसत नाही.

दरांची कथा याहून वाईट आहे. मालवणी आणि गोमंतकी खाणावळींच्या छापील कार्डावर पापलेट, सुरमई आणि खेकडे यांच्यासमोर आकडा नसून ‘एपीएस’ ही तीन अक्षरे असतात, म्हणजे नगाच्या आकाराप्रमाणे दर. मी ‘आजचा दर सांगा’ म्हटले की पलीकडून ‘मासळी आल्यावर फोन करा’ असे उत्तर मिळते. माझ्या मते शहरातील खाद्यव्यवसायात याइतके प्रामाणिक उत्तर दुसरे नाही, परंतु आमच्या कला विभागाला रकान्यात आकडाच लागतो.

लेखातील प्रत्येक पदार्थ बिलाशी ताडून पाहणे हा माझ्या कामाचा असा भाग आहे की ज्याचा मला अभिमान वाटतो. समीक्षकाने जे खाल्ले असे लिहिले आहे ते बिलावर असलेच पाहिजे, आणि बिल मासिकानेच भरलेले असले पाहिजे, या नियमाबाबत आमच्याकडे तडजोड नाही. बिले वाचता येऊ लागली की यादीच्या आतले पुष्कळ काही दिसू लागते. पाच टक्के जीएसटी असेल तर साधे रेस्टॉरंट. अठरा टक्के असेल तर बहुधा खोलीभाडे साडेसात हजारांच्या वर असलेल्या हॉटेलातले. गल्ल्यावर वहीतला कागद फाडून आकडेमोड करून देणाऱ्या खाणावळींची बिले मात्र आमचा लेखा विभाग ‘कच्ची’ म्हणून परत पाठवतो. त्यामुळे समीक्षक तेथे पुन्हा जात नाहीत आणि अशा खाणावळी यादीत येतच नाहीत. मुंबईतील सर्वोत्तम पन्नासांपैकी काही नावे चव पाहण्याआधीच लेखा विभागाने वगळलेली असतात, हे मी वरिष्ठांना अनेकदा सांगितले आहे. दर वेळी ते हसून मान डोलावतात.

त्या दिवशी मी मासळीच्या सात खाणावळींची बिले एका ओळीत मांडली होती. मला केवळ पदार्थांची नावे पाहायची होती, पण नजर तारखांवर गेली. सातही बिले २० जून ते २८ जुलै या काळातली होती आणि एक तर गटारीच्या आधीच्या रविवारचे होते. त्या दिवशी मासळीच्या खाणावळीत रांगेत उभे राहून जेवणाऱ्याला स्वयंपाकघराचे कोणते रूप दिसते, हे दादर-गिरगावच्या माणसाला सांगायला नको. याउलट महागड्या रेस्टॉरंटांची, विशेषतः ठरावीक क्रमाने दहा-बारा छोटे पदार्थ वाढणाऱ्यांची, बिले नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील होती. यामागे कसलाही कट नव्हता. थंडीत नवी ठिकाणे उघडतात आणि नवे मेनू निघतात, म्हणून समीक्षक तेव्हा तिकडे जातात. जुन्या खाणावळी कुठे पळून जात नाहीत, म्हणून त्या शेवटी उरतात.

परंतु पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. हा काळ माशांच्या प्रजननाचा असतो आणि दर्याही खवळलेला असतो. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असल्याने जूनच्या उत्तरार्धात तिकडची मासळी बर्फात घालून मुंबईत येते आणि उरलेली गरज शीतगृहातला साठा भागवतो. इथले ताजे म्हणावे असे जे असते ते खाडीतले : कोळंबी, बोय, चिंबोऱ्या. अनेक घरांत याच दिवसांत सोडे आणि सुके बोंबील बाहेर निघतात. ज्या थाळीवर एकतिसावा क्रमांक ठरला होता, तिच्या बिलावर मात्र जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली सुरमई थाळी आणि बोंबील फ्राय होते.

येथे समीक्षक बाईंच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांची जीभ खोटी नाही. त्या खाणावळीच्या नोंदीत त्यांनी लिहिले होते की आमटी उत्कृष्ट असून तिरफळाचा वास शेवटपर्यंत टिकतो. सोलकढी त्या दिवशी काढलेल्या नारळाच्या रसाची आहे. मात्र सुरमईच्या तुकडीला घट्टपणा नाही, ती बोटाने दाबताच पाणी सोडते आणि आतला भाग भुसभुशीत लागतो. बोंबलाचे रव्याचे कवच कुरकुरीत असले तरी आतला मासा पाण्यासारखा आहे. बर्फातली मासळी ताटात आल्यावर कशी वागते याचे इतके अचूक वर्णन मी फार थोड्या मराठी लेखनातही वाचले आहे. त्यांनी लक्षण टिपले होते, त्यामागचे कारण त्यांना माहीत नव्हते आणि त्या लक्षणावरून क्रमांक दिला गेला होता.

मी चार वाजता त्या खाणावळीला फोन केला. मालकांनी आधी सुट्टीचा वार सांगितला, मग मी जुलैतल्या सुरमईचा विषय काढताच ते घरच्या बोलीवर आले. ‘ओ ताई, दर्या बंद आसा, ताजी सुरमय खंयसून हाडू?’ त्यांचे म्हणणे असे, की गल्ल्यामागच्या फळ्यावर ते रोज सकाळी खडूने त्या दिवशीची मासळी लिहितात आणि पावसाळ्यात तेथे चिंबोरी, कोळंबी आणि सोड्याची आमटी असते. नेहमीचे गिऱ्हाईक कार्डाला हातच लावत नाही. सुरमई छापील कार्डावर बारा महिने असते, कारण बाहेरून येणारा माणूस तीच मागतो. त्याला नाही म्हटले तर तो उठून शेजारी जातो. ‘विचारलं, तर सांगतो आम्ही. न विचारता कोणाला सांगायचं?’ हे शेवटचे वाक्य त्यांनी साध्या मराठीत म्हटले. फळ्यावरचा मजकूर अर्थातच फक्त मराठीत होता.

संध्याकाळच्या बैठकीत मी सात बिले टेबलावर ठेवली आणि अशी सूचना केली की एक तर या सात नोंदींचे क्रमांक काढावेत, नाही तर त्या ठिकाणी ऑगस्टनंतर पुन्हा जेवून मगच ते ठरवावेत. समीक्षक बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि दिलेले उत्तर कच्चे नव्हते. ‘मी जुलैत पूर्ण दर भरला. तुमचा वाचकही जुलैत पूर्ण दर भरणार आहे. ज्या रेस्टॉरंटांना मी वरचे क्रमांक दिले आहेत, त्यांनी पावसाळ्यात सुरमई ठेवलीच नसती. जे बाजारात चांगले नाही ते ताटात वाढायचे नाही, हेच तर स्वयंपाकघराचे शहाणपण. फळा होता हे मान्य, पण वेटरने मला तो दाखवला नाही. मग ती चूक माझी कशी?’

मी म्हणाले, की फळा समोर होता आणि समीक्षकाने तरी कार्डाखेरीज इकडेतिकडे पाहिले पाहिजे. त्यावर त्यांनी विचारले की वाचकांपैकी किती जणांना तो वाचता येईल. याला माझ्याकडे उत्तर होते, पण ते कडवट होते आणि मी ते दिले नाही.

संपादकांना वादाच्या या भागात रस नव्हता. मी मिशेलिन या रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेचा दाखला दिला : त्यांनी १९२६ साली तारे सुरू केले आणि १९३१ पासून एक, दोन, तीन अशी प्रतवारी आली, एक तारा मिळालेल्यांत पहिला कोण आणि नववा कोण हे ते सांगत नाहीत. भारतासाठी त्यांची आवृत्ती नाही, तरी पद्धत उसनी घ्यायला कोणाची हरकत असणार? संपादकांनी उलट आशियातील पन्नास सर्वोत्तमांच्या यादीकडे बोट दाखवले. त्या यादीत महालक्ष्मीचे ‘मास्क’ हे रेस्टॉरंट २०२३ साली सोळावे, २०२४ साली तेविसावे आणि २०२५ साली एकोणिसावे होते, आणि दर वेळी त्या आकड्याची बातमी झाली. मी विचारले, की सोळापासून तेवीसपर्यंत जाताना त्या स्वयंपाकघरात काय बिघडले होते? तेथील मतदारांना कसलेही ठरावीक निकष दिलेले नसतात. गेल्या अठरा महिन्यांत जेथे जेवले त्यांतून त्यांनी निवडायचे असते. म्हणजे तेथेही कोण कोणत्या ऋतूत जेवले हे आकड्यात दिसत नाहीच. ‘पण लोक त्यावर भांडतात ना?’ असे संपादक म्हणाले आणि कला विभागप्रमुखांकडे वळले. त्यांनी क्रमांक पानाच्या अर्ध्या उंचीचे मांडून ठेवले होते. ते काढले तर पानावर काय उरेल, हाच त्यांचा प्रश्न होता.

भांडण खपते याला दादरनेच पुरावा दिलेला आहे. २०१५ साली लंडनमधील फूडीहब पुरस्कारांत दादरच्या ‘आस्वाद’ उपाहारगृहाची मिसळ जगातील सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली, तेव्हा कोल्हापूर, पुणे आणि नाशिक या तिन्ही ठिकाणच्या माणसांनी आपापल्या मिसळीच्या वतीने जो राग व्यक्त केला, त्यात आस्वादच्या मिसळीची चव कशी आहे हा मुद्दा फारसा कोठे नव्हता. मला स्वतःला ती आवडते. परंतु साबुदाणा वडा खायचा झाला तर मी ‘प्रकाश’ उपाहारगृहात जाते, आणि हे दोन्ही एकाच यादीत कितवे लागतात असे कोणी विचारले तर मी त्याला आधी भूक किती आहे ते विचारीन.

अखेर तडजोड अशी निघाली की क्रमांक तसेच राहावेत आणि यादीच्या शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ यावी : मासळीच्या खाणावळींना भेटी मासेमारी बंदीच्या काळात दिल्या होत्या. ती ओळ मीच लिहिली. रात्री उशिरा एका क्रीमच्या जाहिरातीची उंची वाढली आणि पानावरून ती ओळ गेली. मला ते अंक हातात आल्यावर कळले. समीक्षक बाईंनाही ते आवडले नव्हते, हे त्यांच्या न्यायासाठी नोंदवते. त्यांनी संपादकांना तसे पत्रही पाठवले.

तेव्हापासून मी दोन्ही बाजू स्वतःशीच मांडून पाहते. पूर्ण दर घेऊन बर्फातली सुरमई वाढणाऱ्या मालकाला ऋतूची सवलत मी का द्यावी? तो तिसऱ्या पिढीचा आहे आणि त्याची आमटी चांगली आहे, म्हणून? दुसरीकडे, ज्या खाणावळीने त्याच दिवशी सात-आठ पावलांवर फळ्यावर खरे लिहून ठेवले होते, तिने फसवले असे तरी कसे म्हणावे? एवढे मात्र मला पक्के वाटते की बाईंच्या नोंदीतील प्रत्येक वाक्य खरे होते, आणि त्या वाक्यांशेजारी केवळ जेवणाची तारीख छापली असती, तर कोणत्याही मासळी खाणाऱ्या वाचकाने उरलेला निवाडा स्वतः केला असता. आकडा मात्र डिसेंबरातल्या बारा पदार्थांच्या जेवणाची आणि जुलैतल्या थाळीची तुलना करून मोकळा झाला होता.

यंदाच्या यादीसाठी समीक्षक बाईंनी स्वतःहून अर्ज दिला आहे की मासळीच्या प्रत्येक खाणावळीत एकदा पावसाळ्यात आणि एकदा नारळी पौर्णिमेनंतर जेवण्याचा खर्च मंजूर व्हावा, आणि सोबत फळा वाचण्यासाठी मी असावे. लेखा विभागाने तो अर्ज शेरा मारून परत केला आहे : एकाच ठिकाणी दोनदा जेवण्याचे कारण द्यावे. ते कारण आम्ही दोघी मिळून लिहीत आहोत आणि मत्स्य विभागाच्या बंदी आदेशाची प्रतही जोडणार आहोत. दोन माणसांच्या थाळीचे पैसे मंजूर होतील असे मला वाटत नाही.