न उघडलेली डबी

त्या शनिवारी चार वाजता माझ्याकडे लग्न होतं. नाताळ सरला की आमच्या वसईत लग्नांचे दिवस सुरू होतात आणि चर्चचे शनिवार-रविवार भरून जातात. सहायक फादर बाहेरगावी गेले होते. सकाळची साडेसहाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना झाली, मग चर्चच्या छताच्या दुरुस्तीसाठी समिती बसली. साडेबाराच्या सुमारास फोन आला.

"फादर, पप्पांना काल ॲडमिट केलंय. सवडीने येऊन जाल का?"

"सिरियस आहे का?"

मुलगा जरा थांबला. "तसं काही नाही. पण येऊन जा."

त्याचं ते थांबणं मला ऐकू आलं होतं. तरीही मी म्हणालो, "लग्न आटोपलं की येतो."

समिती दीड वाजता उठली. मी जेवलो, तासभर पडलो. त्या वेळात मी हॉस्पिटलला जाऊन परत आलो असतो. हे लिहिताना हात जड होतो, पण घडलं ते असं.

लग्नाच्या रजिस्टरवर सह्या चालल्या होत्या तेव्हा चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या सॅक्रिस्टनने माझा मोबाईल आणून दाखवला. पाच मिस्ड कॉल. फोटोंसाठी थांबलो नाही. विधीच्या वेळी गळ्यात घालायचा स्टोल, प्रार्थनेचं छोटं पुस्तक आणि तेलाची डबी घेऊन स्कूटर काढली. अंबाडी रोडवर शनिवारची संध्याकाळ म्हणजे काय, हे वसईकरांना सांगायला नको.

ही डबी अंगठ्याएवढी, पितळेची, फिरकीच्या झाकणाची असते. आत ऑलिव्ह तेलात भिजवलेला कापूस, म्हणजे खिशात सांडत नाही. ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात पापडीच्या कॅथेड्रलमध्ये बिशप धर्मप्रांतातल्या फादरांसोबत मिस्सा करतात आणि वर्षभराच्या तेलांना आशीर्वाद देतात. त्यातलं आजाऱ्यांचं तेल आम्ही आपापल्या चर्चमध्ये घेऊन येतो. ते आजाऱ्याच्या कपाळाला आणि तळव्यांना लावून प्रार्थना करायची. मुलाच्या बाप्तिस्म्यासारखाच हाही संस्कार, चर्चच्या सातांपैकी एक. आणि तो फादरनेच द्यायचा असतो, मठातल्या सिस्टर किंवा धर्मशिक्षण देणारे कॅटेकिस्ट देऊ शकत नाहीत. म्हणून फादर वेळेवर पोहोचला नाही तर त्याच्या जागी दुसरं कोणी उभं राहू शकत नाही.

आयसीयूत पोहोचलो तेव्हा कॉटभोवती पडदा ओढलेला होता. नर्स हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरांनी प्रयत्न आत्ताच थांबवले, फादर. ईसीजीची पट्टी काढायची आहे. अजून डिक्लेअर केलेलं नाही."

मृताला हा संस्कार देता येत नाही. संस्कार जिवंतांसाठी असतात. मृतांसाठी प्रार्थना आहे, मिस्सा आहे, अंत्यविधी आहे, पण तेल नाही. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत १००५ क्रमांकाचं छोटंसं कलम आहे. माणूस मरण पावला आहे की नाही अशी शंका असेल, तर संस्कार द्यावा, असं ते सांगतं. फादर होण्यासाठी शिकतात त्या गुरुविद्यालयात आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्या पडद्याआड मला त्यातला 'शंका' हा एकच शब्द दिसत होता.

झाकण फिरवलं. अंगठा कापसावर दाबून कपाळावर क्रूस काढला. मग उजवा तळवा उघडला. पेरांच्या रेषांमध्ये केळीच्या चिकाचे काळपट डाग होते. वाडीत जन्मभर घड उतरवलेल्या माणसाच्या हातावरून ते डाग साबणाने जात नाहीत. माझा तेलाचा अंगठा त्या डागांवरून फिरला. मग डावा तळवा. हात कोमट होते, आणि नुसत्या कोमट हातांवरून काहीच ठरवता येत नाही. पापक्षमेची प्रार्थना म्हटली, मरणघडीचा आशीर्वाद दिला. मागे मुलगा आणि सून उभे होते. आजी खुर्चीत बसून जपमाळ ओढत होत्या, त्यांनी वर पाहिलंच नाही.

डॉक्टर आले, पट्टी निघाली. ती सरळ रेघ होती.

रात्री गावात मरणाची घंटा झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी दफन झालं.

सातव्या दिवशीच्या मिस्सेनंतर मी त्या घरी गेलो. ओटीवर चहा झाला, पाहुणे पांगले, आणि सुनेने विचारलं, "फादर, तुम्ही तेल लावलं तेव्हा पप्पा होते ना?"

'हो' म्हणणं सोपं होतं. एवढ्या एका शब्दाने त्या घराला झोप लागली असती. पण जे मला ठाऊक नाही ते मी तिला सांगू शकत नव्हतो. म्हणालो, "मला माहीत नाही. शंका होती, आणि शंका असली तर द्यायचं असं चर्च सांगतं, म्हणून दिलं. देव माझ्या घड्याळावर अडून बसत नाही, एवढी माझी श्रद्धा आहे."

ती गप्प राहिली. आमच्या दोघांच्याही डोळ्यांपुढे डिसेंबर होता.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी मी याच ओटीवर आलो होतो. पहिल्या शुक्रवारी आम्ही घरोघरच्या आजाऱ्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर नेतो. बाबांचा कॅन्सर पसरला होता, पण त्यांना तो सांगितलेला नव्हता. दारातच सून कुजबुजली होती, "फादर, नुसतं कम्युनियन द्या. तेल नको. तेल बघितलं की त्यांना कळेल, घाबरतील ते." मी मान हलवली. आत गेलो. त्यांनी पापनिवेदन केलं. त्याबद्दल मी कधीच काही बोलणार नाही. कम्युनियन दिलं. डबी सबंध वेळ माझ्या खिशात होती, आणि ती मी बाहेर काढली नाही.

सुनेचा त्यात काय दोष? तिने लहानपणापासून हेच पाहिलं आहे की फादर तेल घेऊन आले म्हणजे आशा सोडायची. आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून 'शेवटचं तेल' हाच शब्द आहे. शतकानुशतकं चर्चनेही ते तसंच दिलं, अगदी श्वास लागल्यावर. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये स्पष्ट म्हटलं की हा संस्कार केवळ मरणाच्या दारात पोहोचलेल्यांसाठी नाही. पोप पॉल सहावे यांनी १९७२ मध्ये नवा विधी दिला. ऑलिव्ह मिळत नसेल तिथे दुसरं वनस्पतीचं तेल वापरायलाही त्यांनी परवानगी दिली. गंभीर आजार झाला की घ्यावा, मोठ्या ऑपरेशनच्या आधी घ्यावा, म्हातारपणाने शरीर थकलं तरी घ्यावा, आजार बळावला तर पुन्हा घ्यावा. बाबांना तो डिसेंबरमध्ये शुद्धीत, आपल्या घरात, सगळ्या माणसांच्या मध्ये बसून मिळाला असता. 'आमेन' त्यांनी स्वतः म्हटलं असतं. हे सगळं मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

मी तिला म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही नको म्हणालात आणि मी ऐकलं. ती चूक माझी. ती तुम्ही उरावर घेऊ नका."

तिने पदराने डोळे पुसले आणि कपबशा उचलून आत गेली. माझ्या बोलण्याने तिला हलकं वाटलं की नाही, कळलं नाही.

११ फेब्रुवारी हा लुर्दमातेचा, म्हणजे फ्रान्समधल्या लुर्दच्या मरियामातेचा दिवस. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये तो जागतिक आजारी दिन म्हणून जाहीर केला. त्याआधीच्या दोन्ही रविवारी मी प्रवचनात याच विषयावर बोललो. बाबांचं नाव घेतलं नाही, पण माझा तो दुपारचा एक तास सांगितला, खिशातली डबीही सांगितली. आजारी आणि म्हातारी माणसं ११ तारखेच्या मिस्सेला आणा, सगळ्यांसमोर तेल देऊ, असं कळवलं.

त्या दिवशी मिस्सेला माणसं बरीच होती. मी तेल घेऊन वेदीच्या पायरीखाली उभा राहिलो, तेव्हा पुढे कोणीच येईना. म्हाताऱ्या मुलांकडे पाहत होत्या, मुलं खाली पाहत होती. पुढचे दोन बाक मोकळेच राहिले होते. गायकवृंदाचं एक गीत संपलं, त्यांनी दुसरं धरलं.

मग मागच्या दाराजवळून सून उठली. सासूला दंडाला धरून मधल्या वाटेने एकेक पाऊल घेत आली. आजींनी लाल लुगडं नेसलं होतं, मनगटाला जपमाळ गुंडाळलेली. मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी कपाळ पुढे केलं आणि दोन्ही तळवे वर धरले. तेल लागल्यावर मोठ्याने 'आमेन' म्हणाल्या आणि दोन्ही मुठी घट्ट मिटून घेतल्या.

त्यांच्या मागे बाक सरकल्याचा आवाज आला.