प्लेट एक, लांब्या तीन

शाफ्ट तीन लांबीचे हवे होते: १२०, १८० आणि २५० मिमी. तीन वेगळ्या फाइली सांभाळत बसण्यापेक्षा सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच पार्टची तीन कॉन्फिगरेशन, म्हणजे एकाच फाइलमधली वेगवेगळ्या मापांची रूपं, केली; असेंब्लीलाही, म्हणजे पार्ट जोडून होणाऱ्या मॉडेललाही, तशीच तीन.

पहिला घोळ किरकोळ. १८०चा शाफ्ट १८५ करायला डायमेन्शनवर डबल क्लिक केलं, आकडा टाकला, मोकळा झालो. नंतर बघतो तर तिन्ही शाफ्ट १८५चे! बदल याच कॉन्फिगरेशनला की सगळ्यांना, ही निवड त्याच चौकटीत असते. मी तिकडे पाहिलंच नव्हतं.

खरा वेळ खाल्ला तो शाफ्टखालच्या प्लेटने. प्लेट शाफ्टपेक्षा ४० मिमी लांब हवी, म्हणून असेंब्लीत समीकरण टाकलं: प्लेटची लांबी = शाफ्टची लांबी + ४०. कॉन्फिगरेशन बदललं की प्लेट आपोआप १६०, २२५, २९० व्हायची. स्वतःवरच खूश होतो. मग ड्रॉइंगच्या एका शीटवर तिन्ही असेंब्ली शेजारी शेजारी मांडल्या, आणि २५०च्या शाफ्टखाली १६०ची प्लेट! दोन्ही टोकं हवेत.

विचार केल्यावर लक्षात आलं की प्लेटला कॉन्फिगरेशन एकच होतं. म्हणजे तिची लांबीही एका वेळी एकच. समीकरण दर वेळी तोच आकडा पुसून नवा लिहीत होतं आणि शेवटचं रीबिल्ड (मॉडेल नव्या आकड्यांनी पुन्हा बांधणं) ज्याचं, त्याची लांबी तिन्हीकडे.

समीकरण काढून टाकलं. प्लेटलाही तीन कॉन्फिगरेशन दिली आणि असेंब्लीच्या डिझाइन टेबलमध्ये, म्हणजे एक्सेलच्या तक्त्यात, कुठल्या ओळीला प्लेटचं कुठलं कॉन्फिगरेशन घ्यायचं याचा रकाना केला. तोही आधी चालेना. मधल्या खटपटीत प्लेट काढून पुन्हा घातली होती. ट्रीमध्ये, म्हणजे असेंब्लीतल्या पार्टच्या यादीत, तिच्या नावापुढे <२> आलं होतं आणि माझ्या रकान्याच्या शीर्षकात अजून जुनंच <१>. एक आकडा, पण तेवढ्यासाठी अख्खी दुपार गेली.

आता शाफ्टची लांबी बदलली की प्लेटचा आकडा हाताने बदलावा लागतो. दुहेरी काम आहे खरं, पण मला ते परवडतं. ड्रॉइंग सोडण्याआधी तिन्ही कॉन्फिगरेशन एकेक करून उघडतो, रीबिल्ड मारतो आणि प्लेट मोजतो.