ना-कुजा-आबाद

रविवार, रात्रीचे दीड

आई आत्ता झोपली. औषध देताना तिने परत विचारलं, "तांबडं फुटलं का गं?" नाही म्हटलं, अजून अवकाश आहे. तिला रात्र फार लांब वाटते.

पंधरा दिवसांसाठी म्हणून कोल्हापूरला आले होते, त्याला आता अकरा महिने झाले. सोबत आणलेली फारसीची वही मात्र रोज उघडते. मोडी कागदांतले फारसी शब्द नीट कळावेत एवढ्यासाठी ही भाषा शिकायला घेतली होती. कागद बाजूला राहिले आणि मी सुहरावर्दी या बाराव्या शतकातल्या इराणी तत्त्वज्ञापाशी येऊन बसले. मला तिथवर नेलं ते आँरी कोर्बँ या फ्रेंच माणसाने.

कोर्बँचा जन्म पॅरिसचा, 1903चा. तरुणपणी एकीकडे जर्मन तत्त्वज्ञान, दुसरीकडे अरबी आणि फारसी असं त्याचं चाललं होतं. हायडेगर हा जर्मन तत्त्वज्ञ फ्रेंचमध्ये पहिल्यांदा पुस्तकरूपाने आणला तो त्यानेच, 1938 साली. पण त्याच्या आयुष्याला वळण लागलं ते त्याच्या गुरूमुळे, लुई मासिन्योंमुळे. हल्लाज या सूफी संतावर आयुष्य वेचलेला हा माणूस. त्याने इराणहून आणलेली सुहरावर्दीच्या 'हिक्मतुल इश्राक' या मुख्य ग्रंथाची शिळाप्रेसवर छापलेली प्रत या विशीतल्या विद्यार्थ्याच्या हातात ठेवली: यात तुझ्यासाठी काहीतरी आहे, अशा अर्थाचं काही बोलून. आपल्या जुन्या घरांतून शिळाप्रेसच्या पोथ्या अजून सापडतात. ती काळी, जरा फिसकटलेली अक्षरं, समासात भरलेली टीका. त्यामुळे ती प्रत मला डोळ्यांसमोर आणता येते. कोणाला कुठलं पुस्तक द्यायचं हे ओळखणं ही केवढी मोठी विद्या आहे! आमच्या फारसीच्या सरांकडे ती आहे. व्याकरण कच्चं असतानाच त्यांनी सुहरावर्दीची छोटी फारसी रूपकं माझ्या हाती दिली. आधी चार ओळी लावा, म्हणाले, नियम मागून येतील.

हा सुहरावर्दी म्हणजे आपल्याकडे ज्याची सूफी सिलसिला म्हणून परंपरा आली तो नव्हे. तो उमर सुहरावर्दी. हा शहाबुद्दीन याह्या, झंजानजवळच्या सुहरावर्द गावचा. प्राचीन इराणचे प्रकाशाचे पूजक, प्लेटो आणि सूफी यांचा धागा एकच आहे असं तो मानायचा. हलबच्या, म्हणजे अलेप्पोच्या उलेमांना, तिथल्या धर्मपंडितांना, ते सोसलं नाही. तिथला तरुण राजपुत्र त्याचा चाहता होता, पण राजपुत्राचा बाप होता सुलतान सलाहुद्दीन. त्याच्या हुकमाने 1191 साली याला मारलं. वय जेमतेम छत्तीस.

कोर्बँ 1939 साली इस्तंबूलला गेला तेव्हा तोही छत्तिशीतच होता. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्याला तिथल्या ग्रंथसंग्रहांतली सुहरावर्दीची हस्तलिखितं गोळा करायला थोड्या महिन्यांसाठी पाठवलं होतं. पण ते दुसऱ्या महायुद्धाचं वर्ष होतं. मग 1945पर्यंत तो तिथेच. फ्रेंच पुरातत्त्व संस्थेची राखण करायची आणि बाकी वेळ सुहरावर्दीच्या पोथ्या ताडून पाहायच्या. या वर्षांनी आपल्याला मौन शिकवलं असं त्याने पुढे लिहून ठेवलं आहे. परतण्याआधी पहिला खंड छापूनही झाला होता. तिथून तो गेला तेहरानला. तिथल्या फ्रेंच-इराणी संस्थेत त्याने इराणविद्येचा विभाग उभा केला, आणि पुढे वर्षातला काही काळ पॅरिस, काही काळ तेहरान असं शेवटपर्यंत चाललं.

त्या सहा वर्षांकडे माझं मन सारखं जातं. युद्ध कधी संपेल ठाऊक नाही, घर दूर, आणि हा माणूस साडेसातशे वर्षांपूर्वी मारल्या गेलेल्या एकाची एकेक ओळ शांतपणे लावतोय. माझी त्याच्याशी बरोबरी नाही, पण रात्री दिवा लावून वही उघडते तेव्हा त्याची सोबत वाटते, एवढं खरं.

आज सुहरावर्दीच्या 'जिब्रीलच्या पंखांचा आवाज' (जिब्रील हा देवदूत) या रूपकातला तो शब्द पुन्हा वाचला. सांगणारा रात्री रानाकडचं दार उघडतो, तर समोर दहा पीर बसलेले. कुठून आलात, विचारतो. उत्तर येतं: ना-कुजा-आबाद. कुजा म्हणजे कुठे. बाकीचे 'ना' आणि 'आबाद' तर आपल्याच तोंडचे. दौलताबाद म्हणताना मी कधी थांबून त्या 'आबाद'चा विचार केला नव्हता. 'कुठेच-नाही' नावाचं वसलेलं गाव, जिकडे तर्जनीने बोट दाखवता येत नाही! हे ठिकाण खरंच आहे, ते बुद्धीने किंवा डोळ्यांनी दिसत नाही, त्यासाठी तिसरीच शक्ती लागते, असं कोर्बँ आयुष्यभर सांगत राहिला. 'काल्पनिक' म्हटलं की लोक खोटं समजतात, म्हणून फ्रेंचमध्ये त्याने 'इमाजिनाल' हा वेगळा शब्द रुळवला.

मराठीत त्याला काय म्हणावं? वारकरी विठोबाचं 'ध्यान' म्हणतो, तेव्हा समोरचं रूपही ध्यानच आणि ते पाहणंही ध्यानच. हा शब्द जवळ जातो. पूर्ण बसत नाही. सुहरावर्दीच्या विचारांच्या इमारतीत देवदूतांचे जे मजले आहेत ते यात नाहीत.

कोर्बँवरचा एक आक्षेप मला पटतो. त्याच्या इराणमध्ये देवदूत आहेत, बाजार नाही, उपाशी माणूस नाही. ऑक्टोबर 1978मध्ये तो पॅरिसला वारला तेव्हा तेहरानचे रस्ते क्रांतीने पेटलेले होते, आणि त्याच्या पुस्तकांतून त्याची चाहूल लागत नाही. तरीही ती खाली ठेववत नाहीत. मेलेल्या माणसाशी तो जिवंत माणसाशी बोलावं तसा बोलतो, हे मला दुसऱ्या कुणात इतकं दिसलं नाही.

उद्यासाठी सुहरावर्दीचं आणखी एक रूपक, 'अक्ले सुर्ख', उघडून ठेवलंय. त्यात ससाण्याला एक लालबुंद माणूस भेटतो. तरुण दिसतो, पण म्हणतो, मी सगळ्यांत म्हातारा, माझा मूळ रंग पांढरा. उजेड अंधारात मिसळला की तो लाल दिसतो, जसा संधिकाळ. अक्ल म्हणजे अक्कल, ते सोपं. पण सुर्ख? 'लाल' लिहिलं होतं. फारसीत लाल म्हणजे मुका, ते मनातून जाईना. आईला औषध देऊन आल्यावर ते खोडलं आणि 'तांबडी' केलं.