नवं गाणं गावात नीट पोचावं म्हणून

स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली गाणी घेऊन मराठवाड्यात फिरणाऱ्या गायकापुढे एक अडचण कायम असते. समोर बसलेल्यांनी ते गाणं आधी ऐकलेलं नसतं. ओळखीच्या गाण्यातले दोन शब्द हरवले तर ऐकणारा ते मनानंच भरून घेतो. नव्या गाण्यात ध्रुवपदातला एक शब्द गेला की पुढची तिन्ही कडवी गेली. म्हणून साउंड, पट्टी, गाण्यांचा क्रम, सगळं शब्द पोचतो का या एकाच गोष्टीवरून ठरवावं.

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मूळचे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. आयुष्यभर गावोगाव फिरून त्यांनी स्वतःची गाणी गायली. नव्यानं लिहिणाऱ्यानं त्यांची ओळ बांधण्याची पद्धत मन लावून अभ्यासावी. ती कानासाठी लिहिलेली ओळ आहे, डोळ्यांसाठी नाही.

कार्यक्रमांचे मोठे दिवस ठरलेले आहेत. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती होते, पण खेड्यापाड्यांत ती पुढे मे महिन्यातही वेगवेगळ्या तारखांना साजरी होते, त्यामुळे एका गायन पार्टीला सलग गावं घेता येतात. १४ जानेवारीला नामविस्तार दिन, १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन, शिवाय गणपती आणि नवरात्र. लाउडस्पीकर रात्री १० नंतर बंद करावा लागतो; शासनानं जाहीर केलेल्या मोजक्या दिवशी, वर्षातून जास्तीत जास्त १५, तो १२ पर्यंत चालतो. सत्कार आणि भाषणं लांबली की गायकाच्या वाट्याला पाऊण तास उरतो, हे धरूनच चालावं. सगळ्यात महत्त्वाची नवी गाणी शेवटासाठी राखू नयेत. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकालाच घ्यावीत.

आता साउंड. खरा घोळ इथेच होतो. मंडपातली सिस्टिम बहुधा मिरवणुकीच्या डीजेची असते, म्हणजे बेस भरपूर आणि आवाजाचा मधला भाग दबलेला. ऑपरेटरला दोन गोष्टी आधीच सांगाव्यात. पहिली, इको बंद. निवेदकाला इको शोभून दिसतो, पण तोच गाण्यावर राहिला की प्रत्येक अक्षराची सावली पुढच्या अक्षरावर पडते. थोडा रिव्हर्ब, म्हणजे खोलीत येते तशी हलकी गुंज, चालेल; शब्द पुन्हा उमटवणारा इको नको. दुसरी, आवाजाच्या चॅनेलवर लो-कट (खालची घुमणारी गुरगुर कापणारं बटण) दाबायचा, २५० ते ४०० हर्ट्झ थोडं कमी करायचं आणि २ ते ४ किलोहर्ट्झ जरासं वर न्यायचं. व्यंजनं तिथेच ऐकू येतात. शिट्टीही बहुतेकदा तिथूनच सुटते, म्हणून मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेला मंचावरचा स्पीकर) माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवावा आणि माइकची जाळी मुठीत धरू नये.

दूरच्या खांबावर बांधलेले भोंगे वेगळी गंमत करतात. आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. भोंगा मंचापासून ३५ मीटर पुढे असेल, तर तिथे बसलेल्याला भोंग्यातला शब्द आधी आणि मंचावरचा एक दशांश सेकंदानं नंतर ऐकू येतो. शब्द दुहेरी होतो. मिक्सरवर त्या लाइनला डिले देता आला तर १०० मिलिसेकंद द्यावा. नाहीतर ते भोंगे गाण्यापुरते बंद ठेवायला सांगावं. मागच्यांना आवाज कमी येईल, पण कळेल तरी.

गिटारची साधी जॅक वायर सहा मीटरपेक्षा लांब नेऊ नये. डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल लांब वायरीतून नेण्याजोगा करणारी डबी) मंचावर पायाशी ठेवून पुढे एक्सएलआर, म्हणजे माइकला लागते ती तीन पिनांची, वायर न्यावी. घरघर येत असेल तर बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट दाबावा, प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नये. ओठ माइकला लागल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही असं समजून तिथेच थांबावं, आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा. लाइनवरून जनरेटरवर जाताना वीज क्षणभर जाते; तेवढ्यात डिजिटल मिक्सर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो. मिक्सरपुरता ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो.

एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत गिटार ठेवली तर ब्रिजचा डिंक मऊ पडतो आणि ब्रिज उचलला जातो. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि गिटारच्या फिंगरबोर्डच्या कडांना फ्रेटची धातूची टोकं बोचायला लागतात. भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला, नीट पिळलेला स्पंज घालून ती केसमध्ये ठेवावी. ढोलकीचं कातडं उन्हाळ्यात चढतं, पावसाळ्यात उतरतं. ती अर्धा सूर वर-खाली घेता येते, पण काळी एकवरून काळी चारला नेऊ नये. म्हणून गाणी पट्टीप्रमाणे गटात लावावीत, आणि मोठा बदल असेल तिथे दुसरी ढोलकी तयार ठेवावी.

बक्षिसाचं आयोजकांशी आधीच बोलून घ्यावं. कडव्याच्या मध्येच नाव पुकारून नोट दिली जाते. देणाऱ्याचं प्रेम खरं असतं, पण नवं गाणं तिथे तुटतं. दोन गाणी झाली की सगळी नावं एकदम वाचू, असं सुरुवातीलाच मंचावरून सांगितलं तर लोक आनंदानं ऐकतात.

जालना, परतूर, सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड ही गावं एकाच रेल्वेमार्गावर आहेत. चार-पाच सुपाऱ्या या ओळीत लागल्या तर वाहनाचा खर्च बराच वाचतो. निम्मा विसार हाती आल्याशिवाय तारीख पक्की धरू नये.

शेवटी कागद. रेकॉर्डिंग कंपनी किंवा चॅनेल करार पुढे करतं तेव्हा शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन हक्क वेगळे आहेत हे डोक्यात ठेवून वाचावं. कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते; प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द कुठे बसवलेत ते म्हणूनच आधी शोधावं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहीनं सोडून देता येत नाही, पण तो घरी चालतही येत नाही. त्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्यावं आणि प्रत्येक गाणं तिथे शब्द कोणाचे, चाल कोणाची हे लिहून नोंदवावं. ढोलकीवाल्यानं किंवा हार्मोनियमवाल्यानं चाल घडवायला हात लावला असेल तर त्याचं नाव आणि टक्केवारी त्याच दिवशी लिहून दोघांनी सही करावी.