फेसला ओरखडा नको

रविवार, रात्रीचे साडेदहा.

तीनदा हात धुतले तरी गिअर ऑइलचा वास जाईना. त्यात गंधकाची रसायनं असतात, तो वास नखांत बसतो. आईनं ताट बाहेर कट्ट्यावरच आणून दिलं.

पण गिअरबॉक्स खुलला. दोन रविवार खाल्ले त्यानं.

आप्पांची गाडी गेल्या पावसाळ्यापासून दुसऱ्या गिअरला कुरकुरत होती. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थोडी, तिसऱ्यातून खाली आणताना मात्र करकर करून दात घासल्यासारखी. आईचं माहेर जांबोटीच्या पुढं, चोर्ल्याच्या वाटेवर. त्या वळणांवर दुसऱ्या गिअरशिवाय चालत नाही, आणि दर वळणाला माझ्याच दाढा आवळल्या जायच्या.

बॉक्स खाली उतरवण्यात काही अडलं नाही. ऑइल काढलं, अ‍ॅक्सल ओढले, इंजिनाखाली ठोकळा दिला, जॅकवर घेतला. बाजूचं झाकण, पाचव्याचा हब, सर्कलिप, फोर्कची पिन, स्प्रिंगा आणि त्यांच्याखालचे छर्रे, सगळं निघालं. केसचे, म्हणजे बॉक्सच्या दोन भागांच्या कवचाचे, बोल्ट काढले. केस मात्र हलेना. रबरी हातोडीनं चारी बाजूंनी ठोकून झालं, तसूभर नाही.

शेजारचे मामा बघत उभे होते. त्यांची हयात गॅरेजात गेलेली. म्हणाले, "पहार घाल आणि उचल की. अजून काय करूलालास?"

मामांचा शब्द मी सहसा मोडत नाही. पण हे मला जमेना. मी बेळगावच्या उद्यमबागेत व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवर असतो, आठ तास कास्टिंगचे फेसच मारतो, म्हणजे ओतीव भागांचे जोडाचे पृष्ठभाग सपाट कापतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फेसमध्ये स्क्रू ड्रायव्हर घुसवला की कड दबते, बाजूला बुरी उठते. या केसमध्ये कागदी गास्केट नाही, नुसती पेस्ट लावून धातूवर धातू बसतो. एक खोल ओरखडा पडला की तिथून ऑइल पाझरणार. मामांना म्हटलं, एक आठवडा द्या. ते हसले, पण पहार परत भिंतीला लावली.

आज सकाळी फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, घेऊन बसलो. जोड ठोकून ठोकून किंचितसा उघडला होता, तिथं पाती घालत गेलो. क्लचच्या बाजूला ०.१० मिलिमीटरची पात गेली. पलीकडं ०.०५ चीसुद्धा शिरेना. म्हणजे केस सगळीकडून चिकटलेला नव्हता, त्या एका बाजूला काहीतरी धरून होतं. तिथं बाहेरून लाल माती आणि ऑइलचा थर दगडासारखा झालेला. रॉकेल लावून खरवडला, तर मी ज्याला कास्टिंगचा उंचवटा समजत होतो तो बोल्टचा माथा निघाला! रिव्हर्सच्या शाफ्टला बाहेरून धरणारा बोल्ट. मागच्या रविवारी पहार घातली असती तर केसच चिरला असता. मामांना हाक मारून दाखवला. त्यांनी अंगठ्यानं चाचपला आणि नुसती मान हलवली.

तो काढल्यावरही बेअरिंगनं धरून ठेवलंच. अ‍ॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. बंबातल्या कढत पाण्यात फडकी बुडवून, पिळून, बेअरिंगच्या जागेवर बाहेरून गुंडाळली. तीनदा बदलली. मामांनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. टप् असा आवाज आला आणि केस सरळ वर आला. त्याच वेळी करंट गेला. पुढचं सगळं मोबाइलच्या उजेडात बघितलं.

दोष दुसऱ्याच्या सिंक्रो रिंगमध्येच. ही पितळी रिंग गिअरच्या शंकूवर आधी घासते, दोघांचा वेग एक करते, मग स्लीव्ह, म्हणजे गिअर जोडणारी सरकती कडी, दातांवरून सरकते. तिच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात, मधलं ऑइल कापून पकड घ्यायला. ते झिजून आरशासारखे गुळगुळीत झालेले. रिंग गिअरवर दाबून फट मोजली, अर्ध्या मिलिमीटरची पात जाईना. तिसऱ्याच्या रिंगला तीच पात आरामात गेली.

मागे एका ठिकाणी ऑइल बदलताना जीएल-५ प्रतीचं घातलं होतं, डबा मी पाहिला होता. ते मुख्यतः डिफरन्शिअलसाठी, म्हणजे चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांसाठी. त्यातली रसायनं काही पितळी रिंगांना सोसत नाहीत, शिवाय निसरडेपणामुळं रिंगला पकड मिळत नाही. त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, गाडीचं वयही झालंय. पण आता भरताना जीएल-४ च.

दुकानदाराला फोन केला. "नाळे बर्री," म्हणजे उद्या या, म्हणाले. उद्या पाळी सुटली की जाईन, नमुन्याला जुनी रिंग घेऊन.

करंट आल्यावर फेसवरची जुनी पेस्ट लाकडी पट्टीनं काढली. खाली कटरचे माग अजून जसेच्या तसे, एकाला एक लागून अर्धगोल रेषा. आमच्या मशीनवर सुटतात तशाच. कुठल्या तरी पाळीत, कुणीतरी मारलेला फेस. बराच वेळ त्यावरून बोट फिरवत बसलो.

दोन्ही केस जुन्या 'तरुण भारत'मध्ये गुंडाळून, फेस वर करून, फळीवर ठेवलेत. आईला सांगून ठेवलंय, त्यावर काही ठेवू नको.