एमकेएफएस मारलं की मशीन थिजते : रेड-१० चा माग

डबा, म्हणजे साठवणीची मशीन, उभा राहिला, चार एसएसडी लागल्या, ॲरेही (अनेक डिस्क जोडून केलेली एकच साठवण) बनला. फक्त फॉरमॅटची आज्ञा, म्हणजे एमकेएफएस, दिली की पुढच्या मिनिटभरात सगळी मशीन थिजायची. ही नोंद त्याच भानगडीची आहे. लिनक्सच्या जुन्या कर्नलवर एमडीचा, म्हणजे कर्नलमधल्या सॉफ्टवेअर रेडचा, रेड-१० (डेटाचे तुकडे डिस्कांत वाटून प्रत्येकाची आरशासारखी दुसरी प्रत ठेवणारा) आणि त्याखाली साध्या साटा एसएसडी अशी जोडणी ज्यांच्याकडे असेल, त्यांनी बाकी काही नाही तरी सोमवारचा भाग वाचाच.

आधी मांडणी सांगतो. एकेक टीबीच्या चार एसएसडी, सीताबर्डीतून आणलेल्या, डीरॅम नसलेल्या स्वस्तातल्या. प्रत्येकीवर सुरुवातीला ४० जीबीचं पार्टिशन. या चार पार्टिशनांचा रेड-१ (चारही ठिकाणी तीच प्रत) म्हणजे एमडी-शून्य, त्यावर उबंटू २०.०४ आणि एक्सटी-फोर फाइल सिस्टिमचं रूट. उरलेल्या जागेचा रेड-१० म्हणजे एमडी-एक, चंक (वाटणीच्या एका तुकड्याचं माप) ५१२ केबी, ॲरे बनवणारं एमडीॲडम न विचारता देतं तोच. कर्नल ५.४. चुलतभाऊ आर्वी तालुक्यात लग्नांची शूटिंग करतो. त्याचं फुटेज सुट्या हार्डडिस्कमध्ये विखुरलेलं आहे, ते एका जागी आणायचं. मोठ्या फाइली, म्हणून फाइल सिस्टिम एक्सएफएस.

लक्षण असं: एमकेएफएस-एक्सएफएस चालवलं की पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. कंट्रोल-सी चालत नाही. दुसऱ्या टर्मिनलवरून किल माइनस नाइन मारला तरी प्रोसेस डी अवस्थेत (डिस्कची वाट बघत, कोणाला दाद न देता) तशीच पडून. थोड्या वेळाने ते टर्मिनलही अडकतं. नवीन एसएसएच जोडणी पासवर्ड विचारते आणि तिथेच बसते. पण पिंगला उत्तर मात्र न चुकता येतं, तेही एका मिलिसेकंदाच्या आत.

भाऊ दारात उभा राहून म्हणाला, "काहून बे, भूत शिरलं का त्या डब्यात? लाईनचा लोचा असन. कूलर बंद करून पाह्य एकडाव."

"भाऊ, पिंग येऊन राह्यला. यंत्र जित्तं आहे."

कूलरचा संशय अगदीच अडाणी नव्हता. आमच्याकडे मे महिन्यात कूलरची मोटर सुरू झाली की ट्यूबलाइट एकदा डोळा मारते, आणि एसएमपीएस (मशीनचा वीजपुरवठा) हलका असेल तर डिस्क लिंक तोडून पुन्हा जोडतात. पण तसं झालं असतं तर कर्नलच्या लॉगमध्ये साटा लिंक रिसेटच्या ओळी दिसल्या असत्या, आणि स्मार्टमधला (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीतला) १९९ क्रमांकाचा आकडा, म्हणजे केबलवरच्या सीआरसी चुकांचा, वाढला असता. चारही एसएसडींवर तो शून्य. तापमानही ठीक. तरी कूलर बंद करून पाहिला. घाम आला, बाकी फरक शून्य.

लॉगची अडचण अशी की रीबूटनंतर जर्नलमध्ये त्या वेळचं काहीच सापडत नव्हतं. ते साहजिकच होतं. रूट त्याच चार एसएसडींवर, म्हणजे त्या थिजल्या की लॉग लिहायलाही जागा नाही. अशा वेळी नेटकन्सोलसारखं हत्यार नाही. कर्नल आपले संदेश डिस्कला हात न लावता सरळ यूडीपीवरून दुसऱ्या मशीनकडे फेकतो. जुना लॅपटॉप लॅन केबलने जोडला, त्यावर नेटकॅटला ६६६६ पोर्टवर कान लावून बसवलं. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, वायफायवर याचा नाद सोडा, बऱ्याच ड्रायव्हरना ते जमतच नाही. दुसरी, कन्सोलची पातळी डीमेसेजने ८ वर न्या, नाहीतर कामाच्या ओळी गाळल्या जातात आणि आपण कोऱ्या पडद्याकडे बघत बसतो.

सिस्आरक्यूचंही, म्हणजे कर्नलला थेट आज्ञा देणाऱ्या कळांचंही, तसंच. उबंटूत त्याचं मूल्य १७६ असतं, म्हणजे सिंक, रीड-ओन्ली रीमाउंट आणि रीबूट एवढीच परवानगी. प्रोसेसचे स्टॅक (कोणती प्रोसेस कोणकोणत्या फंक्शनांतून कुठे पोचली त्याची यादी) बघायला लागणारा ८ चा बिट त्यात नाही. फॉरमॅट सुरू करायच्या आधीच ते १ करून ठेवलं.

मग पुन्हा एमकेएफएस. लॅपटॉपवर पहिली ओळ आली ती नेहमीचीच: अमुक टास्क १२० सेकंदांपेक्षा जास्त वेळ अडकलंय. नावं कोणाची, तर एमडी-शून्यवर एक्सटी-फोरचं जर्नल लिहिणाऱ्या जेबीडी-टूचं आणि लॉग लिहिणाऱ्या सिस्टिमडी-जर्नलडीचं. ही नावं शोधून माणूस हमखास एक्सटी-फोरच्या मागे लागतो, आणि तिथे काहीही नाही. हंग-टास्कचा पहारेकरी फक्त बराच वेळ न हललेल्याचं नाव घेतो, रस्ता कोणी अडवला ते सांगत नाही. जेबीडी-टू बिचारा रूटवर चार ब्लॉक लिहायचे म्हणून रांगेत उभा होता.

अडवणारा दिसला तो ऑल्ट-सिस्आरक्यू-डब्ल्यू दाबल्यावर. अडकलेल्या सगळ्या प्रोसेसचे स्टॅक लॅपटॉपवर धडाधड आले. त्यात एमकेएफएसच्या स्टॅकमध्ये खालून वर वाचत गेलं की आयओसीटीएल (प्रोग्रॅमने कर्नलला केलेली विनंती), मग बीएलकेडेव्ह-इश्यू-डिस्कार्ड, मग रेड-१० चं मेक-रिक्वेस्ट. म्हणजे फाइल सिस्टिम लिहायला सुरुवातच झालेली नाही. त्याआधीची "ही सगळी जागा रिकामी समज" अशी ट्रिमची, म्हणजेच डिस्कार्डची, आज्ञाच अजून खाली चालली आहे.

आता खरा प्रश्न. हा डेडलॉक (एकमेकांची वाट बघत कायमचं अडकणं) आहे, की काम नुसतं हळू चाललंय? बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. उत्तर प्रॉकमधल्या डिस्कस्टॅट्समध्ये, म्हणजे कर्नलने ठेवलेल्या डिस्कवार मोजणीत, आहे. कर्नल ४.१८ पासून त्यात डिस्कार्डचे वेगळे चार रकाने आहेत. पण मशीन थिजल्यावर कॅटसुद्धा डिस्कवरून उचलता येत नाही, म्हणून बिझीबॉक्सची (शेल आणि छोट्या आज्ञा एकाच फाइलमध्ये) स्टॅटिक प्रत आधीच रॅममधल्या टीएमपीएफएसवर ठेवली आणि तिच्या शेलमध्ये दर पाच सेकंदांनी ते रकाने छापणारा लूप सोडून दिला. मग फॉरमॅट. सगळं थिजलं तरी तो लूप ओळी टाकत राहिला, आणि आकडे हलत होते! दर एसएसडीमागे सेकंदाला दोनशेच्या आसपास डिस्कार्ड पूर्ण होत होते.

दोनशे कमी वाटत नाहीत, पण गणित मांडून बघा. रेड-१० चा जुना कोड डिस्कार्डची मोठी विनंती चंकच्या मापाने तोडतो. १.९२ टीबीचे ५१२ केबीचे तुकडे केले की साडेछत्तीस लाख होतात. प्रत्येक तुकडा आरशातल्या दोन डिस्कांवर जाणार, म्हणजे दर डिस्कमागे अठरा लाखांवर आज्ञा. एकीला पाच मिलिसेकंद धरले तर अडीच तास. वास्तविक साटाच्या एका ट्रिम आज्ञेत ५१२ बाइटचा एक ब्लॉक जातो, त्यात ६४ नोंदी, प्रत्येकीत ६५,५३५ सेक्टरपर्यंत. म्हणजे एका फटक्यात जवळपास २ जीबी मोकळे करता येतात. आपण तिथे अर्धा एमबी देतोय. एकेक बोंड वेगळ्या बंडीत घालून जिनिंगला धाडावं, तसला प्रकार.

वर साटाची आणखी एक खोड. साधी ट्रिम आज्ञा एनसीक्यूच्या, म्हणजे डिस्कला एकदम दिलेल्या आज्ञांच्या, रांगेत बसत नाही. ती द्यायची तर आधी रांगेतली वाचनं-लेखनं संपू द्यावी लागतात. अठरा लाख वेळा रांग रिकामी होणार, आणि त्याच एसएसडींवर बसलेल्या रूटची लेखनं मधल्या फटीत घुसायला बघणार. रूट का थिजतं आणि पिंग का चालतो, दोन्हींचा उलगडा इथे होतो. पिंगला डिस्क लागतच नाही.

कंट्रोल-सी न चालण्याचं कारण वेगळं. उबंटू २०.०४ मधलं एक्सएफएसप्रॉग्ज (एमकेएफएस-एक्सएफएस ज्यातून येतं ते) ५.३ चं आहे, आणि ते अख्ख्या डिव्हाइससाठी एकच आयओसीटीएल मारतं. पुढच्या आवृत्त्यांत ते २ जीबीच्या टप्प्यांनी जातं, त्यामुळे मधे थांबवता येतं. इथे एकदा आत गेलं की अडीच तास बाहेर नाही. आणि मे महिन्यात आमच्या फीडरवर अडीच तास सलग लाईन राहील याची हमी कोण देतो? माझा इन्व्हर्टर तेवढा दम धरत नाही. म्हणून हे काम कधी पूर्ण झालेलं दिसतच नव्हतं.

तर्कावर विसंबून राहायला नको म्हणून छोटे ॲरे बनवून मोजलं. दर डिस्कचे १० जीबीच घेतले तर पावणेदोन मिनिटं. २० घेतले तर साडेतीनच्या जवळ. वेळ सरळ प्रमाणात वाढतोय, म्हणजे डेडलॉक नाही. मग तेच २० जीबी ठेवून चंक ५१२ केबीवरून ४ एमबी केला. पंचवीस-सव्वीस सेकंद! चंक आठपट, वेळ आठवा हिस्सा. हे बघून मी खुर्चीतून उठलो आणि भावाला आकडे दाखवले. तो म्हणाला, "मंग माहं फुटेज कधी टाकतं?"

तात्पुरता उपाय सोपा आहे. एमकेएफएस-एक्सएफएसला कॅपिटल के द्या, डिस्कार्ड वगळला जातो आणि फॉरमॅट लगेच होतो. एक्सटी-फोरवाल्यांसाठी तेच काम कॅपिटल ई पर्यायातलं नोडिस्कार्ड करतं. ट्रिम हवीच असेल तर ॲरे बनवायच्या आधी प्रत्येक पार्टिशनवर सुटं ब्लॉकडिस्कार्ड चालवा. मधे रेड नसल्यामुळे आज्ञा मोठ्या जातात. मात्र त्यानंतर अझ्यूम-क्लीन देऊन रीसिंक (आरशातल्या प्रती सुरुवातीला जुळवून घेणं) टाळायचा मोह झाला तर आधी एचडीपार्मच्या कॅपिटल आय यादीत ट्रिमनंतर खात्रीने शून्यच वाचली जातात अशी ओळ आहे का बघा. माझ्या चारपैकी एकीवर ती नव्हती. मी रीसिंक होऊ दिला.

आता सोमवार. उबंटूत एफएसट्रिमचा टायमर आपोआप चालू असतो आणि आठवड्यातून एकदा, रविवारची रात्र उलटून सोमवार लागला की धावतो. तो रिकाम्या जागेवर हाच डिस्कार्ड सोडतो, त्याच रेड-१० मधून. म्हणजे कॅपिटल के देऊन फॉरमॅट निभावून नेला तरी मध्यरात्री मशीन पुन्हा थिजणार, आणि सकाळी कोणी फॉरमॅटशी संबंध जोडणार नाही. तो टायमर बंद केला. एफएसटॅबमध्ये (माउंटच्या यादीत) डिस्कार्ड पर्यायही लिहू नका.

पक्का उपाय कर्नलमध्ये आहे. रेड-१० मधला डिस्कार्ड सुधारणारे पॅच ५.१० च्या तयारीत घेतले होते, पण डेटा बिघडतो असं आढळल्यावर डिसेंबर २०२० मध्ये ते मागे घेतले गेले. दुरुस्त होऊन ते ५.१३ मध्ये आले, २०२१ साली. तेव्हा त्या मधल्या काळातलं, पॅच मागून घातलेलं एखादं कर्नल कुठे पडलं असेल तर त्याला हात लावू नका. हळू असणं परवडतं, बिघडलेलं फुटेज परवडत नाही. लग्न काही पुन्हा लागत नाही.

२०.०४ साठीच ५.१५ चं एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठी दिलेलं) कर्नल मिळतं. ते टाकलं, एमडी-एक पुन्हा कोरा केला आणि कॅपिटल के न देता एमकेएफएस मारलं. डिस्कस्टॅट्सचा लूप बाजूला चालूच होता. या वेळी डिस्कार्डची संख्या लाखांत गेलीच नाही, एसएसएचही अडखळलं नाही, आणि प्रॉम्प्ट परत आला तेव्हा माझा चहा पिऊन व्हायचा होता.

एफएसट्रिमचा टायमर पुन्हा चालू केलाय. चारपैकी तिसऱ्या एसएसडीला दर डिस्कार्डमागे इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, हे त्याच रकान्यांत दिसलं. तिचं फर्मवेअर बाकीच्या तिघींपेक्षा जुनं आहे. ते बदलून फरक पडतो का, ते फुटेज चढवायच्या आधी बघतो.